‘नाही जमलं तर?’ या प्रश्नाचं उत्तर आधी टेस्ट सर्व्हरवर शोधा

‘व्हेंडरचा माणूस येणार नाही. गाइड मिळालंय, अडलं तर तिकीट टाकायचं. बाकी तुम्ही आहातच.’ व्हेंडर म्हणजे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी, तिकीट म्हणजे तिच्याकडे नोंदवलेली मदतीची मागणी. वरिष्ठ हे सहज बोलून जातात, आणि ज्याला ते ऐकावं लागतं त्याची झोप उडते. मोठं सॉफ्टवेअर स्वतःच्या हाताने बसवायची जबाबदारी अंगावर आलेली माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: मॅडम, नाही जमलं तर?

अशाच एका सिस्टिम ॲडमिनची, म्हणजे ऑफिसातली संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्याची, ही गोष्ट, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून. लेखा, पगार, खरेदी, साठा असा सगळा कारभार त्यांना एकाच नव्या प्रणालीवर आणायचा होता. रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि मग ते मोबाइलवर गाइडची पानं चाळत बसायचे. घरी चिडचिड, ऑफिसात कुणाशी बोलणं नाही. ‘मला एखादं रिलॅक्सेशन शिकवा,’ असं म्हणतच ते आले.

श्वासाचे व्यायाम मी शिकवते, त्यांनाही शिकवले. पण भीती खरं बोलत असेल तर तिला आधीच गप्प करू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी विचारलं, ‘नाही जमलं म्हणजे नेमकं काय होईल?’ ते म्हणाले, जुना डेटा जाईल. मी विचारलं, बॅकअप आहे ना? ‘रोज रात्री होतो.’ तो परत चढवून कधी पाहिलाय? त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

भीतीचा हा भाग खरा होता. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा कुणी धरू नये, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी तो एका टेस्ट सर्व्हरवर, म्हणजे फक्त चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या सर्व्हरवर, चढवून पाहिला. डेटाबेस नीट आला, पण बिलांना जोडलेल्या स्कॅन केलेल्या फाइल्स कुठेच दिसेनात. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या आणि तो फोल्डर बॅकअपमध्ये घेतलेलाच नव्हता. हे सांगताना त्यांचा चेहरा मला आधीपेक्षा मोकळा वाटला. रात्री छळणाऱ्या गोष्टीला नाव मिळालं होतं आणि ती दिवसा दुरुस्त करता येणार होती.

मग भीतीचा दुसरा भाग हाती घेतला. ‘मी एवढी वर्षं या कामात आहे, मला हे पहिल्याच फटक्यात जमलंच पाहिजे.’ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा रोख नेमका या ‘च’वर आहे. जमावं ही इच्छा माणसाला कामाला लावते. जमलंच पाहिजे हा हट्ट त्याला प्रश्न विचारू देत नाही. हे गृहस्थ व्हेंडरकडे तिकीट टाकायलाही कचरत होते. आपल्याला काही येत नाही असं दिसेल, ही धास्ती. खरं तर रिमोट सपोर्टवर काम करायचं तर भरपूर आणि नेमकं विचारावंच लागतं: आवृत्ती कोणती, एररचा शब्दन् शब्द, लॉग फाइल (सॉफ्टवेअरने स्वतः ठेवलेली घडामोडींची नोंद), त्याआधी काय बदललं.

त्यांची परीक्षा टेस्ट सर्व्हरवरच झाली. इन्स्टॉलेशन पार पडलं, पण लॉगिन होईना. पासवर्ड बदलून झाले, सर्व्हिस अकाउंटचे (सॉफ्टवेअर ज्या खात्यावर चालतं त्याचे) हक्क तपासून झाले, रात्र झाली. जुनी सवय म्हणाली, आणखी एकदा गाइड वाच. त्यांनी तिकीट टाकलं. उत्तरात एकच प्रश्न होता: टेस्ट सर्व्हर आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर, दोन्हींची घड्याळं जुळतात का? जुळत नव्हती. केर्बेरॉस पद्धतीच्या लॉगिनमध्ये ओळख पटवताना वेळही तपासली जाते, म्हणून घड्याळांत सहसा पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो, आणि इथे त्याहून जास्त होता. मी विचारलं, ‘यात तुमची लायकी कुठे आली?’ ते हसले. घड्याळ तपासणं ही त्यांच्या यादीतली नवी ओळ झाली.

यादीवरून आठवलं. २०१८ साली बेलर विद्यापीठातल्या मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतली कामं लिहून काढणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपी गेले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. लहानसा प्रयोग, पण यांना तो लागू पडला. गाइड चाळण्याऐवजी ते वहीत उद्याच्या तीन-चार ओळी लिहू लागले.

सर्वांत अवघड होतं ते वरिष्ठांशी बोलणं. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची प्री-मॉर्टेम पद्धत वापरली. २००७ च्या एका लेखातून ती सर्वदूर पोचली. काम सुरू होण्याआधीच ते फसलं असं धरून चालायचं आणि का फसलं ते प्रत्येकाने लिहायचं. लेखा विभागाने लिहिलं, महिनाअखेरीला हे केलं तर पगार अडकतील. ही गोष्ट एकट्या आयटीवाल्याला कधीच सुचली नसती. बैठकीनंतर त्यांनी वरिष्ठांना ईमेल केली: तारीख महिन्याच्या मध्यावर, रविवारी दुपारी चारपर्यंत ठरलेल्या चाचण्या पार पडल्या नाहीत तर जुन्या प्रणालीवर परत जायचं, तो निर्णय विभागप्रमुखांचा, त्या शनिवार-रविवारी व्हेंडरचा रिमोट इंजिनिअर फोनवर हजर हवा. होकार लेखी आला.

पहिल्या वेळी त्यांना परत फिरावं लागलं. साठ्याचे आकडे जुळले नाहीत, चार वाजले, विभागप्रमुखांनी ‘मागे घ्या’ म्हटलं. सोमवारी सकाळी जुन्या प्रणालीवर नेहमीसारखं काम सुरू झालं. हेच संकट मनात धरून ते महिनाभर जागले होते, आणि प्रत्यक्षात ती एक ठरलेली पायरी निघाली. पुढच्या खेपेला आकडे जुळले आणि नवी प्रणाली चालू झाली.

ते अजूनही अधूनमधून येतात. सध्याचा विषय वेगळा आहे: हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये म्हणून त्यांनी हाताशी एक सहकारी मागितलाय. विनंती वरिष्ठांकडे आहे, आणि उत्तर येत नाही म्हणून पुन्हा कसं विचारायचं, याची तयारी आम्ही करतो आहोत.