जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट: रंगाचा डबा शेवटी उघडा

मिशिगनमध्ये चौदा फुटी जुनी बोट स्वस्तात मिळाली, छान झालं! पण रंग आणायला धावू नका, आधी गळती शोधा. बोट ट्रेलरवर ठेवून तळाला नीट आधार द्या आणि आत चार-पाच इंच पाणी भरा. जास्त नको, वजन फार होतं. मग खाली वाकून बघा. ज्या रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्याच्या) डोक्याशी थेंब जमतो तिथे मार्करने खूण करा.

सैल रिव्हेट बहुतेक वेळा पुन्हा ठोकून बसतात. याला दोघं हवेत: एकाने आतून जड लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीवर घट्ट दाबायचा, दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर हातोडा मारायचा. अगदीच झिजलेला असेल तर ड्रिलने काढून नवा भरीव रिव्हेट घाला. साधे पॉप रिव्हेट पाण्याखाली वापरू नका, ते मधून पोकळ असतात आणि तिथूनच पाणी आत येतं.

इंजिन टांगतो ती मागची फळी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागली तर बदलाच. दुकानदार ट्रीटेड प्लायवूड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं) सुचवेल, ते घेऊ नका. त्यातलं तांबं ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खातं. मरीन प्लाय (बोटींसाठीचं प्लायवूड) घ्या, कडांना आणि बोल्टच्या भोकांनाही आतून इपॉक्सी (पाणी अडवणारा राळेचा लेप) लावा.

सीटखालचा फोम पाणी प्यायला असेल तर नवा भरा, पण जागा रिकामी ठेवू नका. बोट पाण्याने भरली तरी बुडत नाही ती त्याच्यामुळे.

रंगाआधी सेल्फ-एचिंग प्रायमर (उघड्या अ‍ॅल्युमिनियमला रंग धरून राहावा म्हणून लावायचा पहिला थर) लागेलच.