फोनच्या डोक्यावरची किल्ली

प्रश्न : भाच्याने माझ्या फोनमध्ये व्हीपीएन टाकून दिलं, फुकटचं. 'मावशी, आता तुझं कुणीच काही बघू शकत नाही,' म्हणाला. तेव्हापासून वर किल्लीचं चिन्ह दिसतं, पण बँकेचं अॅप उघडत नाही. किल्ली ठेवू की बँक? — एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, आधी बँक. व्हीपीएन बंद करा, किल्ली गेली की बँकेचं अॅप उघडून बघा, बहुधा उघडेल. त्या व्हीपीएनचा सर्व्हर, म्हणजे तुमच्या फोनचं सगळं येणं-जाणं ज्यातून होतं तो कंपनीचा कॉम्प्युटर, बहुधा परदेशात असणार. तुम्ही घरात खुर्चीवर बसलेल्या, पण बँकेला दिसतं की आज हे खातं भलत्याच देशातून उघडतंय. ती दार लावून घेते, आणि मला विचाराल तर बरोबरच करते.

आता किल्लीचं. मी बरीच वर्षं एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळलं. तिथे व्हीपीएन म्हणजे घरचा कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणून बसवायची सोय. एका रात्री रिकाम्या ऑफिसात प्रिंटर आपोआप खडखडायला लागला. घाबरत घाबरत कागद उचलला, तर मुलाच्या परीक्षेचं वेळापत्रक! घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याने प्रिंट दिली होती. व्हीपीएन चालू आहे हे तो विसरला होता. तुमच्या फोनचंही असंच झालंय, फक्त तो ऑफिसऐवजी एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसलाय.

फोनपासून त्या सर्व्हरपर्यंतची वाट कुलूपबंद असते, हे खरं. एरवी तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळतं. व्हीपीएन चालू असलं की तिला त्या सर्व्हरचा पत्ता आणि किती डेटा गेला-आला एवढंच दिसतं. पण सर्व्हरवर पोचल्यावर ते पाकीट फोडून पुढे पाठवावंच लागतं. म्हणजे आधी इंटरनेटवाल्याला जे दिसायचं, ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. भाच्याचं 'कुणीच नाही' इथे कोसळतं. शिवाय ईमेलमध्ये लॉगइन केलंत की तुम्ही कोण हे ईमेलवाल्याला कळलंच. आणि बनावट लिंकवर स्वतःच्या हाताने ओटीपी टाकलात, तर तो याच कुलूपबंद वाटेने सुखरूप चोराकडे पोचतो.

सार्वजनिक वाय-फायची भीती काही उगाच नव्हती. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आलं. उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्याच्या फेसबुक खात्यात त्याने सहज शिरता येई, कारण तेव्हा बऱ्याच साइट पासवर्डपुरतं कुलूप लावत आणि पुढचं सगळं उघडं ठेवत. आता बहुतेक साइट एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे पासवर्डच नव्हे, साइटशी होणारी सगळीच देवाणघेवाण कुलूपबंद असते. वाय-फायवाल्याला साइटचं नाव कळू शकतं, तिथे तुम्ही काय वाचलंत, काय लिहिलंत ते नाही. ते नावही कळू नये असं वाटत असेल, तर व्हीपीएन कामाचं.

मात्र फुकटचं नको. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, ते कुठून तरी निघतातच. ओनाव्हो नावाचं एक फुकट व्हीपीएन होतं. ती कंपनी २०१३ मध्ये फेसबुकने विकत घेतली. लोकांनी सुरक्षेसाठी घेतलेलं अॅप ते कोणकोणती अॅप्स किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत होतं. कुंपणानेच शेत खाल्लं! अॅपलने आक्षेप घेतल्यावर २०१८ मध्ये ते अॅप स्टोअरवरून गेलं, पुढच्या वर्षी बंदच झालं.

तेव्हा भाच्याला विचारा, हे अॅप कुठल्या कंपनीचं आणि तिचा खर्च कोण भागवतं? सांगता आलं नाही, तर अॅप काढून टाका. मग सेटिंग्जमध्ये व्हीपीएन शोधा आणि तिथूनही त्याचं नाव गेलंय ना, एवढं बघा.