जुना आय-सेव्हन की नवा आय-थ्री?

प्रश्न : नेर तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, पासपोर्ट फोटो, लग्नसराईत कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका. कॉम्प्युटर आय-सेव्हन २६०० चा, रॅम ४ जीबी, हार्डडिस्क जुनीच. आता फार रखडतो. यवतमाळचा एक दुकानदार म्हणतो, आय-थ्री १२१०० घ्या. दुसरा म्हणतो, आय-सेव्हनवरून आय-थ्रीवर कशाला उतरता, असाच दुसरा जुना आय-सेव्हन साडेनऊ हजारांत देतो. जुन्याचा वेग ३.४ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.३. मग नवा जास्त चालेल कसा?
– एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तो साडेनऊ हजारांचा जुना आय-सेव्हन घेऊ नका. तुमच्याकडे आहे तेच यंत्र तुम्ही पुन्हा विकत घ्याल.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपची, उतरंड एकाच पिढीपुरती खरी असते. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. २६०० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, जानेवारी २०११ ची. १२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी, जानेवारी २०२२ ची. मधे ११ वर्षं गेली. दोघांनाही ४ कोअर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एका वेळी हाती घेता येणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, म्हणून ही तुलना अगदी सरळ होते.

गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके. एका ठोक्यात काम किती उरकतं, हे त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. २००४ साली इंटेलच्याच पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते, आणि २००६ मध्ये त्याहून कितीतरी कमी गिगाहर्ट्झच्या कोअर टू ड्युओने त्याला मागे टाकलं. तुमच्या जोडीतही तेच आहे. जुना चिप एका ठोक्यात ४ सूचना (म्हणजे प्रोग्रामचे बारीक हुकूम) उलगडून घेतो, नवा ६. एक सूचना मेमरीची वाट पाहत अडकली, तर पुढच्या सूचना हाताशी ठेवून त्यातल्या जमतील त्या उरकायच्या, यासाठी जुन्यात १६८ सूचनांची जागा होती. नव्यात ५१२ ची आहे. शिवाय ३.३ हा नव्याचा किमान भरवशाचा वेग. काम पडलं की तो ४.३ पर्यंत चढतो, जुना ३.८ ला थांबतो. या सगळ्यामुळे एका कोअरवर चालणारं काम नवा जवळजवळ दुप्पट वेगाने करतो, आणि सगळे कोअर राबतात तिथं दुपटीच्याही वर जातो. वीजही कमी लागते : जुना ९५ वॅटचा, नवा ६० चा. भर कामात नवा थोडा वेळ ८९ पर्यंत जातो, पण इन्व्हर्टरवर दुकान चालवणाऱ्याला हा फरक जाणवतो.

तरीही उद्याच आय-थ्री आणू नका. दुकानात गर्दी असताना टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा आणि ‘डिस्क’चा रकाना पाहा. माझ्या टेबलावर असे कॉम्प्युटर येतात तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर २०-२५ टक्क्यांवर बसलेला असतो आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. म्हणजे प्रोसेसर रिकामा, सगळं अडलंय हार्डडिस्कपाशी. ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान त्याच डिस्कवर नेऊन ठेवतं, मग ब्राउझर आणि कोरल एकत्र उघडले की माउससुद्धा हलत नाही. आधी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, बसवा. तुमचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी) एच-६१ या जुन्या प्रकारचा असेल तर एसएसडीला पूर्ण वेग मिळणार नाही, सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास अडेल. पण हार्डडिस्क खरी मरते ती बारीक बारीक फायली शोधताना, आणि तिथला फरक पहिल्याच दिवशी दिसेल. रॅम ८ जीबी करा, पण ती जुन्या बाजारातून घ्या. तुमची डीडीआर-३ या जुन्या प्रकारची रॅम पुढच्या यंत्रात बसणार नाही. एसएसडी मात्र काढून तिकडे लावता येईल.

आणखी एक. मी हिंगणघाटचा, जिनिंगच्या गावचा. इथल्या कॉम्प्युटरचा पंखा उघडला की खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंची राखाडी गादी बसलेली सापडते, नखाने अख्खी उचलून निघते. त्यातून वारा जातच नाही. मे महिन्यात खोलीच ४४-४५ अंशांवर असते. चिप शंभरीकडे गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. सकाळी बरा चालणारा कॉम्प्युटर दुपारी रखडत असेल तर दुसरं काही करण्याआधी ही गादी काढा आणि चिपची उष्णता त्या पात्यांकडे नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट बदला.

मग आय-थ्री कधी? माझं मत, वर्षभराच्या आत. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी व त्यापुढचेच चिप आहेत. २६०० त्यात नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर गावाची आधार कार्डं आणि बँक पासबुकं उघडतात. लोक विश्वासाने कागद तुमच्या हातात देतात, तेव्हा सुरक्षेचे अपडेट बंद पडलेलं यंत्र तिथं फार दिवस ठेवू नये. घेताना बिलावर नुसतं १२१०० लिहिलंय ना, हे पाहा. मागे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं आणि वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही.

प्रश्न : मुलाला मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची आहे. नवा सेलेरॉन जी-५९०५ घ्यावा की जुना आय-फाइव्ह ३४७०?
– एक पालक, आर्वी

उत्तर : नुसत्या टायपिंगला दोन्ही पुरतात. सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, २०२० चा असला तरी २ कोअर, २ थ्रेडचा आहे. २०१२ च्या आय-फाइव्हला ४ कोअर आहेत, आणि एकत्र चारपाच कामं उघडली की जुनाच पुढे राहतो. पण तो विंडोज ११ च्या यादीत नाही, सेलेरॉन आहे. मुलगा पुढे व्हिडिओ एडिटिंगकडे वळणार असेल तर दोन्ही सोडा आणि थोडे पैसे साठवून वर ताईंना सांगितलेला १२१०० घ्या.