समुद्रकाठच्या शहरात कॅमेरा कुठे लावावा?

प्रश्न : पुढील महिन्यात एका किनारी शहरात काही दिवस मुक्काम आहे. इंटरनेटवर शोधले, तर प्रत्येकाने तीच पाच-सहा ठिकाणे सुचवलेली दिसतात आणि सगळ्यांची छायाचित्रेही एकसारखीच आहेत. अनोळखी शहरात स्वतःच्या जागा शोधायच्या असतील, तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : त्या पाच-सहा ठिकाणांना नावे ठेवण्याचे कारण नाही, ती बहुधा चांगलीच असतात, म्हणूनच प्रसिद्ध झालेली असतात. अडचण एवढीच, की अशा याद्यांमधून जागा कळते, पण वेळ कळत नाही, आणि समुद्रकाठी वेळ चुकली तर उत्तम जागाही निस्तेज दिसते. त्यामुळे ठिकाणांची नावे गोळा करण्याआधी आपण दोन गोष्टी पाहाव्यात : किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि आपल्या मुक्कामाच्या दिवसांत भरती-ओहोटी केव्हा आहे.

किनारा पश्चिमाभिमुख असेल, तर सूर्य पाण्यात मावळणार हे सांगायला कोणी लागत नाही. मात्र त्याच वेळी तिरपे, पिवळसर ऊन समुद्राकडे तोंड केलेल्या इमारतींवर थेट पडत असते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सगळी गर्दी सूर्याकडे पाहत असताना तिच्या पाठीमागचे शहर उजळलेले असते, आणि माझ्या मते अनेकदा तेच छायाचित्र अधिक चांगले निघते. पूर्वाभिमुख किनाऱ्यावर हाच प्रकार सकाळी घडतो. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. एरवी तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो, उष्ण कटिबंधात २५-२६ अंशांपर्यंत आणि ध्रुवांकडे जावे तसा त्याहून अधिक. एखाद्याच्या जूनमधल्या छायाचित्रात सूर्य दीपगृहाच्या मागे असेल, तर डिसेंबरमध्ये तो तिथे सापडणार नाही. त्या तारखेला सूर्य कोठे असेल हे नकाशावर रेघ ओढून दाखवणारी ॲप्स आहेत, त्यांचा उपयोग करावा.

यानंतर उपग्रहाच्या नकाशावर किनाऱ्याची रेषा बोटाने पुढे सरकवत सावकाश पाहावी. फिकट पट्टा म्हणजे वाळू, पाण्याला लागून असलेले काळपट डाग म्हणजे बहुधा कातळ, आणि जमिनीचा सुळका जिथे समुद्रात शिरला आहे ते भूशिर. शहराचे छायाचित्र हवे असेल, तर शहराच्या ऐन मध्यावर उभे राहून ते मिळत नाही. किनारा वळणदार असेल, तर त्या वळणाच्या दुसऱ्या टोकावरून पाण्यापलीकडे दिसणारे शहर टिपावे. खाडीच्या मुखाजवळ, पुलावर किंवा शहराला सोडून जाणाऱ्या फेरीबोटीच्या मागच्या बाजूला अशा जागा हमखास सापडतात, आणि यादीत त्या क्वचितच असतात.

भरती-ओहोटीचा विचार मात्र बहुतेक प्रवासी करतच नाहीत. पुष्कळशा किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणजे आज सूर्यास्ताला ओहोटी मिळाली, तर आठवडाभराने त्याच वेळी भरती असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी जास्तीत जास्त चढते आणि तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी, असल्यामुळे ही चढउतार बेताची असते. लाटा तटबंदीवर आदळताना टिपायच्या असतील तर उधाणाची भरती गाठावी. ओहोटीला कातळावरचे शेवाळ, खळग्यांत साचलेले पाणी आणि एरवी बुडालेल्या जुन्या पायऱ्या उघड्या पडतात.

ओल्या वाळूचेही तसेच आहे. लाट मागे सरली, की तिच्यामागे पाण्याचा पातळ थर काही क्षण राहतो आणि तो झिरपून जाईपर्यंत वाळू चकचकीत असते. उभ्याने पाहिले तर तिच्यात नुसते आकाश दिसते. पण कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला, की समोरच्या इमारतींचे प्रतिबिंब शेंड्यापर्यंत उतरते. यासाठी कमी उताराचा, बारीक वाळूचा किनारा निवडावा, कारण जाडसर वाळूत पाणी लगेच जिरते. भरती चढत असताना मात्र कातळावर किंवा वाळूच्या दांड्यावर जाऊ नये, आणि गेलाच असाल तर समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. परतीची वाट मागच्या मागे पाण्याखाली जाते आणि छायाचित्र काढणाऱ्याला ते सर्वांत शेवटी कळते.

प्रश्न : माझ्याकडे मोबाईलच आहे आणि सोबत कुटुंब असल्यामुळे पहाटे किंवा संध्याकाळी एकटीला बाहेर पडता येत नाही. भर दुपारी काही करता येईल का?

उत्तर : अवश्य. पाण्याचा खरा रंग दुपारीच दिसतो, कारण सूर्य डोक्यावर असताना प्रकाश उथळ पाण्यात तळापर्यंत पोहोचतो. आपण उंच जागा गाठावी, एखादा कडा, पूल किंवा गच्ची, आणि तिरप्या नजरेने खाली पाहावे. हिरव्या-निळ्या छटा वेगवेगळ्या दिसू लागतील. किनाऱ्यावरून सरळ समुद्राकडे मोबाईल धरला, तर त्याच्या रुंद लेन्समध्ये दूरच्या होड्या ठिपक्याएवढ्या होतात, म्हणून पुढ्यात काहीतरी घ्यावे : धक्क्यावरची गंजलेली लोखंडी कडी, तिच्यात अडकवलेला मिठाने ताठरलेला दोर आणि त्या दोराच्या टोकाला होडी. क्षितिज तिरके होऊ नये म्हणून स्क्रीनवरच्या आडव्या रेषा चालू ठेवाव्यात. लेन्सवर खारे तुषार उडाल्यास कोरड्या रुमालाने पुसू नये. सुकलेल्या मिठाचे कण ओरखडे काढतात, म्हणून आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेले कापड फिरवावे.

प्रश्न : मासे उतरवणाऱ्या धक्क्यावर छायाचित्रे काढलेली चालतात का?

उत्तर : धक्का खुला असेल तर चालतात, पण ती लोकांची कामाची जागा आहे. आधी वाटेतून बाजूला उभे राहावे, काम थोडा वेळ पाहावे आणि चेहरा टिपण्यापूर्वी विचारावे. नाही म्हटले तर हुज्जत घालू नये. हात, जाळी आणि टोपल्यांमध्येही पुष्कळ काही असते. व्यापारी बंदरे आणि नौदलाच्या हद्दीत अनेक देशांत छायाचित्रणाला बंदी असते आणि ड्रोनचे नियम त्याहूनही कडक असतात. त्यांची चौकशी तिथे पोहोचल्यावर न करता घरून निघण्यापूर्वीच करावी.