सातची गोळी

घोरपडीच्या ताई,

तुमच्या मिस्टरांचा कर्करोग हाडांत उतरलाय. दर शुक्रवारी संध्याकाळी मंडळी घरी प्रार्थनेला जमते, आणि पहिलं गीत सुरू झालं की ते भिंतीकडे तोंड करतात. पंचहौदच्या चर्चमध्ये लग्न झालं तेव्हापासून एकही उपासना न चुकवलेला माणूस! त्यांचा विश्वास गेला, आता माझाही डळमळतोय, तो कसा टिकवू, असं तुम्ही विचारलंय. आणि तिसऱ्या पानावर कंसात एक ओळ आहे : शुक्रवारी सातची गोळी नऊला देते, नाहीतर त्यांना गुंगी येते, प्रार्थनेत जागे राहत नाहीत.

त्या कंसापुढे मला जाता येईना. बाकीचं पत्र मी नंतर वाचलं, तेही रागातच.

मॉर्फिनची गोळी दुखायला लागल्यावर द्यायची नसते, कळ उठायच्या आत द्यायची असते. म्हणून तुमच्याकडे आहे ती साधी गोळी दर ४ तासांनी, घड्याळ लावून देतात. वेदनाशामक ठरल्या वेळी द्या, हे जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून सांगते आहे. तुम्ही ती २ तास अडवून धरता आणि नेमके तेच २ तास घर माणसांनी भरता. हाडं आतून ठणकत असताना त्यांनी उशीला टेकून बसावं, 'आमेन' म्हणावं, आल्यागेल्याकडे बघून हसावं? भिंतीकडे तोंड करतात ते दुखतंय म्हणून. त्यांच्या विश्वासाची परीक्षा घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

तुमच्या त्या मावशी म्हणाल्या, प्रभूने वधस्तंभावर कळ बधिर करायला दिलेला, बोळ नावाचा कडू डिंक मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही. खरं आहे, मार्काच्या शुभवर्तमानात तसं लिहिलंय. पण नको म्हणाला तो प्रभू स्वतः. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी पेला बाजूला सारला नव्हता. तुमच्या मिस्टरांना तुम्ही विचारलंत का? चार पानांत ते कुठेच नाही. आणि प्रभूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने वाटेवरच्या त्या अर्धमेल्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तो आधी प्रार्थनेला उठून बसतो का हे पाहत थांबला नाही.

भिंतीकडे तोंड करण्याची तुम्हाला एवढी भीती वाटते, तर बायबलात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय काढा. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाने भिंतीकडेच तोंड फिरवलं आणि प्रार्थना केली. देवाने ती ऐकली. तरीही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. प्रार्थना ऐकली गेली म्हणून औषध थांबलं नाही.

तुम्ही थकलायत, रात्र रात्र जागताय, ते मला दिसतंय. तरी आज त्यावर लिहिणार नाही. रात्री तुमच्याहून जास्त तेच जागे असतात.

आज दुपारीच मंडळीला फोन करा आणि शुक्रवारची प्रार्थना तुमच्या घरून हलवा. कुणाच्याही घरी जमा, चर्चमध्ये जमा, नाव त्यांचंच घ्या. सातची गोळी साताला. झोपले तर झोपू द्या. गुंगी बहुतेकदा सुरुवातीच्या काही दिवसांत उतरते. नाही उतरली तर वेळ तुम्ही बदलायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. पुण्यातच वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे दुखणं हलकं करणारं केंद्र आहे, १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची तिथे विनामूल्य काळजी घेतात. वेदना आणि गुंगी यांचा मेळ कसा घालायचा, हे त्यांचं रोजचं काम आहे.

आता तुमचा विश्वास. मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि प्रभूच्या तोंडावर सांगतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एकाच दमात. प्रभूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणून परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. तुमचा विश्वास आज तेवढाच असेल तर तेवढाच घेऊन प्रभूपुढे जा. डळमळू द्या, भांडा, दार लावून मोठ्याने रडा. पण हे सगळं स्वयंपाकघरात. त्यांच्या खोलीत शिरताना हातात गोळी आणि पाणी असू द्या, आणि प्रार्थना करू का, हे आधी त्यांना विचारा. नको म्हणाले तर नको.