‘सीझनिंग’ला मराठी शब्द हवाय? पुट आहे की!

प्रश्न असा आलाय: “जुनी कास्ट आयर्नची भांडी जमवायचा नाद लागलाय. भांड्याला तेल पुसून ते कडक तापवतात, त्या ‘सीझनिंग’ला मराठीत काय म्हणायचं? एकीकडे ‘मसाला लावणे’ वाचलं, दुसरीकडे ‘हंगामीकरण’. आणि ‘रिस्टोअर करणे’ला जीर्णोद्धार चालेल का?”

‘मसाला लावणे’ लिहिणाऱ्यानं शब्दकोश उघडला, पहिला अर्थ उचलला आणि कोश मिटला. ‘हंगामीकरण’वाल्याला निदान एवढं कळलं होतं की ‘सीझन’ म्हणजे ऋतू. गंमत म्हणजे तो मुळाच्या जास्त जवळ आहे. इंग्रजी ‘सीझन’ फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता पेरणी. पेरणीचा काळ, मग कुठलाही योग्य काळ, मग त्या काळात पिकणं, पक्व होणं. लाकूड ‘सीझन’ करतात ते याच अर्थानं. म्हणजे तव्याचं सीझनिंग हे पिकवणं आहे, त्यात मिरची-मसाल्याचा संबंध नाही. इंग्रजीचं एवढं पुरे.

पुटाकडे वळण्याआधी एक राग काढून टाकतो. ‘कास्ट आयर्न’ला मराठीत बीड म्हणतात. बिडाचा तवा, बिडाची कढई. कुणी ‘भिडाचा’ म्हणतं, म्हणू दे. त्या नावाचं शहर आहे म्हणून तवे तिथून आले असतील, असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि विसरा. नाव सारखं असणं ही व्युत्पत्ती नव्हे. पण विकणारे हल्ली सर्रास ‘घडीव बिडाची अँटिक कढई’ असं लिहितात, ते वाचलं की माझं डोकं फिरतं. घडीव बीड म्हणजे कोरडं पाणी! बीड ओततात. त्यात दोन ते चार टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते कमी तापमानाला वितळतं आणि साच्यात छान पसरतं, पण त्याच कार्बनमुळे घणाखाली ते वाकत नाही, तडकतं. घडवतात ते वेगळं लोखंड, ज्यात कार्बन नावापुरताच. भांडं ओळखायची सुरुवातच या दोन विशेषणांपासून होते. घडीव भांड्यावर ठोक्यांचे उथळ खळगे दिसतात, दांडा बहुधा रिव्हेट मारून जोडलेला असतो. ओतीव भांड्यात दांडा आणि पोट वितळलेल्या लोखंडाच्या एकाच रसातून आलेलं, जोड नाहीच. १७०७ साली अब्राहम डार्बीनं इंग्लंडमध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतायचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही भांडी मोठ्या संख्येनं निघू लागली. खूप जुनं भांडं उपडं केलंत तर बुडावर मधोमध एक उंचवट्याची खरखरीत रेघ सापडते, अंगठ्याच्या नखाला अडकेल एवढी. रस साच्यात जिथून शिरला तिथला तो व्रण. बुडावरची अशी रेघ दिसली तर भांडं बहुधा एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्याआधीचं. पुढे रस कडेनं ओतू लागले आणि बुडं गुळगुळीत झाली.

आता पुट.

आज ‘पुट’ आपण फक्त धुळीसाठी वापरतो. पुस्तकांवर धुळीची पुटं चढली, मनावर अज्ञानाची पुटं चढली. वाईट गोष्टींचे थर मोजायला ठेवलेला शब्द! पण संस्कृतात पुट म्हणजे खोलगट जागा, घडी, पानाचा द्रोण. ओंजळ म्हणजे अंजलिपुट. नासापुट, कर्णपुट, ओष्ठपुट. आपली नाकपुडी ही त्यातूनच आलेली, आणि वाण्याकडची पुडी आणि पुडाही त्याच घरातले. (ओठ ‘पुटपुटतात’ ते मात्र ओष्ठपुटामुळे नव्हे, तो नुसता आवाज आहे.) दोन द्रोण तोंडाला तोंड लावून ठेवले की झालं संपुट.

हे संपुट रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांची औषधं करायच्या आयुर्वेदाच्या शाखेत, शिरलं तिथे खरी मजा सुरू होते. धातूचं भस्म करायचं तर शुद्ध केलेल्या धातूची पूड वनस्पतीच्या रसात खलायची, याला म्हणतात भावना देणे. मग तिच्या चकत्या वाळवून मातीच्या दोन परळांत बंद करायच्या, सांधा मातीनं माखलेल्या कापडानं लिंपायचा आणि गोवऱ्यांनी भरलेल्या खड्ड्यात अग्नी द्यायचा. परळांची ती बंद जोडी म्हणजे पुट, आणि हळूहळू तिला दिलेल्या अग्नीलाही पुटच म्हणू लागले. खड्डा मोठा असेल तर गजपुट, लहान असेल तर कुक्कुटपुट. एका अग्नीनं काम होत नाही. थंड होऊ द्यायचं, पुन्हा भावना, पुन्हा अग्नी. म्हणून शतपुटी अभ्रक, सहस्रपुटी अभ्रक. भस्म जमलं की नाही ते कसं कळायचं? बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे.

आता तव्याकडे बघा. ओलं काहीतरी चोळा, कडक तापवा, निवू द्या, पुन्हा चोळा, पुन्हा तापवा. हे पुट नाही तर काय आहे? आणि शेवटी उरतो तो थर, म्हणजे आपलं धुळीचं पुट. अग्नी आणि थर हे दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसलेला असा शब्द इंग्रजीकडे नाही. तव्याला तीन पुटं दिली म्हटलं की तीनदा तेल लावलं, तीनदा तापवलं आणि तीन थर बसले, हे सगळं एका दमात सांगून होतं.

माझा स्वतःचा तर्क याहून एक पाऊल पुढे आहे. ‘थर’ हा अर्थ मराठीत वैद्यांच्या भट्टीतूनच आला असणार. पुट म्हणजे घडी, घडीवरून पदर, पदरावरून थर, अशी सरळ शिडी कुणीही लावील, आणि माझे दोन भाषाप्रेमी मित्र ती दर वेळी लावतात. पण मग सांगा, पुट ‘चढतं’ का? घडी पडते, पदर सुटतो, थर बसतो किंवा साचतो. पुटं मात्र चढतात, आणि तीही मोजून, एकावर एक. मोजायची ही सवय शतपुटीची आहे. मित्र म्हणतात, रंगही चढतो, गंजही चढतो. चढू द्या. रंगाची ‘शतपुटी’ मी अजून ऐकली नाही.

विरोधाभासही पाहण्यासारखा आहे. लोहभस्मात पुटं देतात ती लोखंडाचं लोखंडपण घालवायला. तव्याला देतो ती ते टिकवायला.

‘मुरवणे’ सुचवणारेही आहेत, आणि ते स्वतःला फार अस्सल समजतात. शब्द गोड आहे, पण चुकीचा आहे. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं. लोखंड म्हणजे स्पंज नव्हे. तापवल्यावर त्याची छिद्रं उघडतात आणि तेल आत जातं, ही ऐकीव गोष्ट आहे. पातळ पसरलेलं तेल हवेत कडक तापलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतात. मुरत काहीच नाही. जे होतं ते वरच होतं.

पातळ म्हणजे किती? मी पहिल्यांदा केलं तेव्हा उदार मनानं तेल ओतलं. भट्टीतून निघालं ते तपकिरी, चिकट, जागोजागी डिंकासारखे थेंब धरलेलं. बोट लावलं की सुटेना. सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. आता तेल लावतो आणि लगेच कोरड्या सुती कापडानं असं पुसतो, जणू ते चुकून लागलं होतं. भांडं नुसतं किंचित ओलसर काळं दिसलं पाहिजे. मग उपडं ठेवून साधारण २३० ते २५० अंश सेल्सिअसला तासभर. जवसाच्या तेलाची बरीच कीर्ती आहे, पण त्याचं पुट पुढे खपल्या धरून सुटतं, असा अनेकांचा अनुभव आहे, माझाही.

हां, जीर्णोद्धार राहिलाच. देवळाचा करा, विहिरीचा करा. कढईला तो अंगापेक्षा मोठा अंगरखा होतो. भांड्यांसाठी मराठीत खरा शब्द होता उजाळा. आता आपण फक्त आठवणींना उजाळा देतो, पण मुळात उजळायची ती भांडी आणि दागिने. जुन्या बिडाच्या भांड्याला उजाळा नक्की द्या: कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात (हातमोजे, चष्मा, आणि ॲल्युमिनियम जवळही नको) जुनी काजळी सुटते, आणि उरलेला गंज निम्म्या पाण्याच्या व्हिनेगरमध्ये अर्धा-एक तास ठेवून घासला की निघतो. रात्रभर ठेवाल तर लोखंडही खाल्लं जाईल. काजळी जाळायला भांडं थेट निखाऱ्यात मात्र टाकू नका. ते वाकतं, कधी तडकतं, आणि फार भाजलं तर त्यावर लालसर छटा येते, जिच्यावर पुट धरतच नाही. बुडात राखाडी रंगाचं काही वितळून घट्ट बसलेलं दिसलं तर आधी शिशाची चाचणी करा, कारण जुन्या भांड्यांत शिसं वितळवायचेही.

उजाळा दिलेलं बीड करडं, राखाडी दिसतं, आणि तसंच ठेवलं तर तासाभरात त्यावर केशरी गंज उमटतो. म्हणून कोरडं करून लगेच पहिलं पुट द्या.