ॲलर्जी असलेल्या मुलाला क्रूझवर न्यायचं तर जेवणाचं कसं जमवायचं?

तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला शेंगदाणा आणि तिळाची ॲलर्जी आहे, सासूबाईंना सिलिॲक आहे (म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन त्यांच्या आतड्याला अपाय करतं), आणि सात रात्रींची क्रूझ बुक करून झाल्यावर आता पोटात गोळा आलाय, असं तुम्ही लिहिलंय. तो गोळा माझ्या चांगला ओळखीचा आहे. माझ्या मुलीला शेंगदाणा आणि काजूची तीव्र ॲलर्जी आहे आणि तिला घेऊन आम्ही तीन वेळा क्रूझवर गेलोय. बुकिंग रद्द करू नका. तयारीने गेलात तर जमेल.

तयारी बुकिंगच्या दिवशीच सुरू होते. बहुतेक कंपन्यांचा खास गरजांचा एक फॉर्म असतो. तो किती दिवस आधी द्यायचा हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून आजच विचारून घ्या. जहाजावर सामान बंदरातच भरतात. एकदा निघाल्यावर ग्लूटेनमुक्त पाव मधेच संपला तर तो आणणार कुठून? फॉर्मचा खरा उपयोग त्यासाठी आहे. पण फॉर्म दिला म्हणजे स्वयंपाकघराला कळलं, असं मात्र समजू नका. आमच्या दुसऱ्या क्रूझच्या वेळी मी फॉर्म भरला होता, ‘नोंद झाली’ अशी ईमेलही आली होती. पहिल्या रात्री वेटरच्या यादीत आमच्या केबिनचा नंबर होता, ॲलर्जीचा उल्लेखच नव्हता. तो वेटर भला माणूस होता, अंदाजाने काही न सांगता त्याने लगेच हेड वेटरला बोलावून आणलं. तेव्हापासून मी एकच नियम पाळते: आज रात्री ताट ज्याच्या हातून येणार आहे, त्याला मी स्वतः सांगते. रोज सांगते.

म्हणून जहाजावर चढल्यावर पोहायला किंवा फिरायला जाण्याआधी मुख्य डायनिंग रूममध्ये जा आणि हेड वेटरला भेटा. जेवणाची ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल मिळत असेल तर तेच घ्या. कधीही या, कुठेही बसा, अशी सोय ऐकायला छान वाटते, पण त्यात रोज नवा वेटर आणि रोज पहिल्यापासून सगळी कहाणी. ठरावीक टेबलावर तिसऱ्या दिवसापर्यंत तो माणूस तुमच्या मुलाला नावाने ओळखायला लागतो.

दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्रीच मागा आणि तिथेच ऑर्डर देऊन टाका. ही एवढी एक गोष्ट केलीत तरी निम्मी काळजी मिटेल. हजारो लोकांचा स्वयंपाक एकत्र होत असतो. सॉस, सूप, मॅरिनेड सकाळीच मोठ्या प्रमाणात करून ठेवलेले असतात. रात्री आठ वाजता टेबलावर बसून ‘यातला मैदा काढा’ म्हटलं तर कोण काढू शकणार? आदल्या रात्री कळलं असेल तर तुमचा भाग सॉस घालण्याआधीच बाजूला ठेवता येतो, वेगळ्या भांड्यात शिजवता येतो.

सांगताना शब्द जपून वापरा. ‘चालत नाही’ याचा अर्थ ऐकणारा ‘आवडत नाही’ असा घेऊ शकतो. मुलाच्या बाबतीत सांगा, ‘ॲलर्जी आहे, श्वास बंद होऊ शकतो.’ सासूबाईंसाठी ‘ग्लूटेन कमी खातात’ असं चुकूनही म्हणू नका. सिलिॲक हा आजार आहे असंच सांगा. पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणायची मर्यादा अमेरिकेत आणि युरोपात दहा लाख भागांत 20 भाग इतकी कमी आहे. ती ओलांडायला साध्या पावाच्या टोस्टरमधले कणही पुरू शकतात. तेव्हा नेमकं विचारा: टोस्टर वेगळा आहे का, तळणीचं तेल वेगळं आहे का, पास्ता वेगळ्या पाण्यात उकडता का, सूप कशाने दाट केलंय? सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तिळाबद्दल थोडं जास्त सांगते. युरोपात ज्या 14 ॲलर्जनांचा, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचा, उल्लेख सक्तीचा आहे त्यांत तीळ आधीपासून आहे. अमेरिकेत मात्र तो प्रमुख ॲलर्जनांच्या यादीत नववा म्हणून 1 जानेवारी 2023 पासून आला. म्हणून कोणी ‘मुख्य ॲलर्जन नाहीत’ म्हणालं तर थांबू नका, तिळाचं नाव घेऊन विचारा. बनवर, हमसमध्ये, ड्रेसिंगमधल्या तेलात, बिस्किटांत, कुठेही निघतो.

बुफेपासून मुलाला लांब ठेवा. तिथला स्वयंपाक वाईट असतो म्हणून नाही. एका ट्रेमधला चमचा दुसऱ्या ट्रेमध्ये जातो आणि ते कोणाच्याही हातात नसतं. नाश्त्यालाही डायनिंग रूम उघडी असेल तर तिथेच जा. दारावर सगळीकडे सॅनिटायझर ठेवलेलं असतं, पण त्याने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. साबण-पाणी हवं, नाहीतर ओले वाइप्स. आपल्या टेबलाच्या कडा आणि खुर्चीचे हात मी आजही वाइप्सने पुसून घेते.

किड्स क्लबमध्ये सोडणार असाल तर आधीच विचारा की तिथे खायला काय देतात आणि वेळ आली तर ॲलर्जीचं तातडीचं इंजेक्शन कोण देणार. याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे आहेत. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर जेवणाच्या वेळी मुलाला घेऊन या.

बरोबर कोणी शाकाहारी किंवा व्हेगन असेल तर मांसाच्या स्टॉकमधलं सूप, जिलेटिन आणि सॉसमधली मासळी यांवर लक्ष असू द्या. आणि व्हेगन म्हणजे ॲलर्जीला सुरक्षित असं मुळीच नाही, त्यात शेंगदाणा आणि तीळ उलट जास्तच भेटतात.

आता औषधाचं. तुमच्या डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं ऑटो-इंजेक्टर (मांडीवर दाबलं की ठरलेला डोस देणारं पेनसारखं इंजेक्शन) दिलं असेल तर दोन घ्या आणि दोन्ही मुलाजवळ असू द्या. केबिनमध्ये नकोत. चढताना जे सामान हमालाकडे देता ते केबिनपर्यंत यायला काही तास लागतात, आणि पहिलं जेवण त्याच्या आधीच होतं. त्यामुळे ती हातातल्या पिशवीत हवीत. 20 ते 25 अंशांत ठेवायची असतात, म्हणजे डेकवरच्या उन्हात नको आणि केबिनच्या फ्रिजमध्येही नको. मुलाचं वजन 25 किलोच्या आसपास किंवा पुढे असेल तर 0.15 मिलिग्रॅमचाच डोस राहू द्यायचा की 0.3 वर जायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

ओठ सुजले, श्वासाला घरघर लागली, वारंवार उलट्या झाल्या, मूल एकदम मलूल झालं, तर आधी इंजेक्शन, मग फोन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. खाज कमी करणारी गोळी श्वासनलिका उघडत नाही, त्यात वेळ घालवू नका. त्याला आडवं करा, पाय वर ठेवा. श्वास लागत असेल तर बसतं ठेवा. आणि मेडिकल सेंटरपर्यंत चालवत अजिबात नेऊ नका. जहाजाचे कॉरिडॉर लांब, लिफ्टला गर्दी. अशा वेळी उभं राहिल्याने रक्तदाब आणखी कोसळू शकतो. आपत्कालीन नंबर लावा, ते तुमच्याकडे येतील. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नसेल तर दुसरं इंजेक्शन. बरं वाटल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालीच राहा. जहाजावर डॉक्टर, नर्स, ऑक्सिजन असतं. मोठं रुग्णालय मात्र नसतं, आणि हेलिकॉप्टरही ठरावीक अंतरापर्यंतच पोचतं. विमा काढताना ॲलर्जी आणि सिलिॲक दोन्ही लेखी कळवा.

बंदरावर उतरताना खाणं बरोबर न्यायचं असेल तर सीलबंद पाकिटं बहुधा चालतात. फळं, मांस, घरी केलेले पदार्थ पुष्कळ ठिकाणी उतरवू देत नाहीत. त्या देशाच्या भाषेत ॲलर्जीचं एक कार्ड छापून घ्या. सहलीत जेवण धरलेलं असेल तर ते कोण बनवतं हे जहाजावरच विचारा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट बंदरावरच परत मिळतात. सकाळी केबिन लवकर सोडावी लागते आणि सगळे बुफेकडे वळतात. इंजेक्टर आणि सासूबाईंचा नाश्ता त्या बॅगेत जाऊ देऊ नका.